पिकअप ऑटोमॅटिक करताय? आधी हिशेब बघा

बेळगावच्या अनगोळहून रोज माल भरून निघता, दुसऱ्या रेल्वे गेटच्या रांगेत क्लच दाबून डावा गुडघा भरून येतो आणि कुणीतरी सुचवतं, ‘जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून देतो.’ ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा.

सांगितलेला भाव बहुधा नुसत्या गिअरबॉक्सचा असतो. टॉर्क कन्व्हर्टर, फ्लेक्स प्लेट, कंट्रोल युनिट, वायरिंग, ऑइल कूलर, गिअर लिव्हर यांचे पैसे वेगळे. इंजिन एका कंपनीचं आणि बॉक्स दुसरीचा असेल तर मध्ये अडॅप्टर प्लेट लागते. बॉक्सची लांबी बदलली की प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करायचा. ही लेथवरची कामं शेजारच्या उद्यमबागेत होऊन जातील. घोडं अडतं ते इलेक्ट्रॉनिक्सवर. बीएस-६ गाडीचा ईसीयू आणि परका गिअरबॉक्स यांचा मेळ बसला नाही, तर चेक लाइट जात नाही आणि गाडी ओढत नाही. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे; ‘बिल नको’ म्हणालात तर वॉरंटीही विसरा. सगळं धरून आकडा लाखांत जातो, गाडी उभी राहते ते भाडं वेगळंच.

आता कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणून काम सुरू करण्याआधी आरसी, विमा आणि गॅरेजचं लेखी कोटेशन घेऊन आरटीओत जा. अनगोळकरांना बेळगाव (केए-२२), निपाणीकरांना चिकोडी (केए-२३). उत्तर लेखीच घ्या. ‘आरटीओचं मी बघतो’ म्हणणारा एजंट अपघातानंतर विमा कंपनीसमोर उभा राहत नाही. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांनाही विचारा. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी असतं, हेही लक्षात ठेवा.

माझं मत विचाराल तर करू नका. आधी क्लच तपासा. मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर ठेवा, चौथा गिअर टाकून क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं नाही तर प्लेट संपली आहे. पेडल जड लागत असेल तर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि केबल किंवा सिलिंडर बघून घ्या. हे काम हजारांत उरकतं आणि बऱ्याचदा गुडघ्याचं दुखणंही तिथेच मिटतं. पायात अपंगत्व असेल तर कायद्यातच ‘अडॅप्टेड व्हेइकल’ची सोय आहे, त्यासाठी आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवी.

गाडी बदलायचीच असेल तर हायलक्स किंवा व्ही-क्रॉस ऑटोमॅटिक मिळते, पण त्या किमतीत मालवाहतुकीचा धंदा बसत नाही. गावातल्या गावात हलका माल असेल तर टाटा एस प्रो ईव्ही बघा: क्लचच नाही, भार ७५० किलो, जून २०२५ मध्ये आली तेव्हा किंमत साडेसहा लाखांपासून.

एवढं वाचूनही, लेखी मंजुरी हातात घेऊन काम करणारच असाल, तर जुना गिअरबॉक्स, क्लच आणि शाफ्ट गॅरेजवाल्याला ‘एक्सचेंज’मध्ये देऊ नका. घरी आणून ताडपत्रीखाली ठेवा. गाडी पूर्ववत करायची वेळ आली तर तेच सामान लागेल.