मेनला राज्य मिळालं ते मिसूरीमुळे?

प्रश्न : बोस्टनहून मेनला जाताना मध्ये न्यू हॅम्पशायर लागतं. तरीही मेन पूर्वी मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता आणि गुलामगिरीच्या भांडणातून १८२०मध्ये त्याचं वेगळं राज्य झालं, असं ऐकलं. त्या थंड मुलखाचा गुलामगिरीशी संबंध काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : ऐकलंत ते अर्धं खरं आहे. मेनला वेगळं व्हायचंच होतं आणि त्याची कारणं घरचीच होती. १८१४मध्ये इंग्रजांनी मेनचा पूर्व भाग बळकावला, तेव्हा बोस्टनचं सरकार हात बांधून बसलं, हा राग ताजा होता. जुलै १८१९मध्ये मतदारांनी फारकतीचा कौल दिला. मॅसॅच्युसेट्सचीही ना नव्हती. अट एवढीच, की काँग्रेसची मंजुरी ४ मार्च १८२०च्या आत यायला हवी.

घोडं अडलं ते वॉशिंग्टनला. मिसूरीलाही राज्य व्हायचं होतं, तेही गुलामांसकट. न्यू यॉर्कचे जेम्स टॅलमॅज यांनी दुरुस्ती सुचवली : तिथे नवे गुलाम आणू नयेत आणि गुलामांची पुढे जन्मणारी मुलं पंचविसाव्या वर्षी मुक्त व्हावीत. प्रतिनिधीगृहाने ती मंजूर केली, सिनेटने फेटाळली. उत्तरेत लोकसंख्या जास्त, म्हणून प्रतिनिधीगृहात तिचं पारडं जड. पाच गुलामांमागे तीन माणसं मोजायची सवलत असूनही दक्षिण तिथे मागेच. सिनेटमध्ये मात्र राज्य केवढंही असो, जागा दोनच. १८१९ सरताना गुलामगिरीवाली राज्यं ११ आणि मुक्तही ११. दक्षिणेचा सगळा जीव त्या बरोबरीत.

मेन मुक्त राज्य म्हणून एकटंच आलं असतं, तर ती मोडली असती. मग सिनेटने मेनचं बिनवादाचं विधेयक मिसूरीच्या दाव्याला बांधलं. एक हवं तर दुसरंही घ्या! सोबत इलिनॉयचे सिनेटर जेसी थॉमस यांची रेघ आली : लुइझियाना खरेदीतल्या मुलखात, मिसूरी वगळता, ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी नको. ही रेघ १८५४पर्यंत टिकली. प्रतिनिधीगृहाचे सभापती हेन्री क्ले पक्के मुरलेले. तिथे या गाठोड्याचे तुकडे करून मतदान झालं. मिसूरीतल्या गुलामगिरीवरची बंदी वगळण्याचा मुद्दा ९० विरुद्ध ८७ असा कसाबसा तरला. म्हणजे जिला आपण तडजोड म्हणतो, ती अख्खी कितीजणांना मान्य होती, हे त्या सभागृहात कुणी आजमावलंच नाही.

मला कौतुक वाटतं ते मेन भागातल्या प्रतिनिधींचं. सातांपैकी पाचजणांनी मिसूरीला मोकळीक देण्याविरुद्ध मत दिलं, तेही स्वतःचं राज्य हातचं जाण्याची वेळ आलेली असताना. अध्यक्ष मन्रो यांनी मेनच्या विधेयकावर सही केली ती ३ मार्चला, मुदत अगदी तोंडावर असताना. १५ मार्चला मेन राज्य झालं.

मिसूरीला मात्र ऑगस्ट १८२१पर्यंत थांबावं लागलं. मुक्त कृष्णवर्णीयांना राज्यात येऊ न देण्याचे कायदे करावेत, असं कलमच त्यांनी आपल्या राज्यघटनेत घातलं होतं. पण काही राज्यांत हे लोक नागरिक होते, त्यांना अडवायचं कसं? क्ले पुन्हा मध्ये पडले. या कलमाच्या आधारे कोणत्याही नागरिकाचे हक्क हिरावणार नाही, असं वचन मिसूरीच्या विधिमंडळाकडून घेण्यात आलं. दिलं त्यांनी, पण नाक मुरडत. १८४७मध्ये मुक्त कृष्णवर्णीयांना राज्यात यायला बंदी करणारा कायदा त्यांनी केलाच, आणि त्याच कायद्याने कृष्णवर्णीयांना लिहा-वाचायला शिकवणारी शाळा चालवणंही गुन्हा ठरलं.