पाणी कोठून गळते?



कौलारू घरात राहणाऱ्यांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही. पावसाळ्यात माजघरात ज्या जागी थेंब पडतो, त्याच्या बरोबर वरचे कौल फुटलेले असतेच असे नाही. फुटके कौल कदाचित दोन हात वर असते. पाणी वाशावरून ओघळत येते आणि वाशाला जेथे गाठ किंवा खाच असते तेथे खाली टपकते. म्हणून जाणता मनुष्य थेंबाखाली भांडे ठेवतो, पण शोध वरच्या अंगाला घेतो. मोटारीच्या इंजिनातील पाण्याची गळती शोधतानाही हाच विवेक उपयोगी पडतो. जेथे हात पोहोचत नाही आणि दृष्टीही पोहोचत नाही, अशा गळतीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम, इंजिनाला पाणी कशासाठी लागते ते पाहू. पेट्रोल जळते तेव्हा सिलिंडरमधील वायूचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. या उष्णतेचा काही भाग गाडी चालविण्याच्या कामी येतो, काही धुराबरोबर निघून जातो आणि सुमारे एक तृतीयांश भाग सिलिंडरांभोवती खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप हे पाणी फिरवितो, रेडिएटरमध्ये ते वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनात येते. रेडिएटरचे झाकण आत सुमारे एक वातावरणाइतका जादा दाब राखते. त्यामुळे एरवी १०० अंशांवर उकळणारे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचे तत्त्व ते हेच. गळती लागली म्हणजे पाणी तर कमी होतेच, शिवाय दाबही टिकत नाही. अशा स्थितीत गोव्याहून बेळगावकडे जाताना चोर्ला घाटाचा चढ लागला की इंजिन तापते, सिलिंडरवरील हेड वाकते आणि अल्प दोषापायी मोठी हानी होते.

आता एक अवघड उदाहरण घेऊ. बिडाचे इंजिन ओतताना पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्यात म्हणून साच्यात वाळूचे गाभे बसवितात. ओतकाम झाल्यावर ती वाळू ठोकळ्याच्या बाजूस ठेवलेल्या गोल भोकांतून काढून टाकतात आणि भोके पत्र्याच्या वाटीसारख्या चकत्या ठोकून बंद करतात. या चकत्यांना कोअर प्लग किंवा वेल्च प्लग म्हणतात. इंजिनात वर्षानुवर्षे नुसते नळाचे किंवा विहिरीचे पाणी घातले तर पोलादी चकती आतून गंजते आणि तिला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडते. काही इंजिनांत अशी एक चकती अगदी मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या आड असते. तेथून झिरपलेले पाणी गिअरबॉक्सच्या तळाशी थेंबाथेंबाने पडते आणि पाहणाऱ्याचा गोंधळ होतो.

अशी गळती शोधताना इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच आतील पाणी उसळते आणि हातातोंडास भाजते. थंड इंजिन पुसून कोरडे करावे. मग झाकणाच्या जागी हातपंप लावून, झाकणावर लिहिलेल्या दाबापेक्षा अधिक नाही इतकाच दाब द्यावा आणि पंपावरील काट्याकडे लक्ष ठेवावे. काटा उतरू लागला की विजेरी व लहान आरसा घेऊन वरून खाली शोध घ्यावा. जो सर्वांत उंच भाग ओला, तेथे संशयाची जागा. काटा उतरतो पण बाहेर थेंबही दिसत नाही, असे झाल्यास दोष आत आहे असे समजावे: इंजिनातील तेल दुधाळ झाले असल्यास पाणी तेलात मिसळते आहे, पायाखालचा गालिचा ओला असल्यास हीटरमध्ये गळती आहे.

जागा अवघड आहे हे कळले की मनुष्य सोपी वाट शोधतो. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय आपल्याकडे पुष्कळांनी ऐकला असेल. हळद फुगून छिद्रात बसते आणि गळती काही काळ थांबतेही. परंतु चांगली वाट कोणती आणि छिद्र कोणते, हे हळदीला कळत नाही. ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही साठते. आडरानात अडकलेल्याने गावापर्यंत पोहोचण्यासाठी तिचा आश्रय घ्यावा. तिला दुरुस्ती समजू नये.

खरी दुरुस्ती कष्टाची आहे. बॅटरीची तार सोडवून पाणी काढून घ्यावे लागते. गाडी भक्कम आधारावर उचलून गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावे लागते. तेव्हा कोठे ती चकती दृष्टीस पडते. तिच्या एका कडेवर छिन्नीने बेताने ठोकले की ती आडवी फिरते. मग पक्कडीने ओढून घ्यावी, आत पडू देऊ नये. भोकाची कड पॉलिश कागदाने स्वच्छ करून, पातळ लेप लावून, त्याच मापाची नवी चकती सरळ ठोकून बसवावी. पितळी चकती मिळाल्यास उत्तम, कारण ती गंजत नाही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे: गिअरबॉक्स परत चढविण्यापूर्वी पाणी भरून दाबाची परीक्षा पुन्हा घ्यावी. एवढी उघडझाप झालीच आहे, तर क्लचची चकती आणि मागचे तेलाचे सीलही त्याच वेळी तपासावे.

शेवटी नळाचे पाणी न घालता ऊर्ध्वपातित पाणी आणि गंजरोधक द्रव्य असलेले कूलंट ठरल्या प्रमाणात भरावे व आत कोंडलेली हवा काढून टाकावी. जुने कूलंट उघड्यावर ओतू नये. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड पण विषारी आहे, आणि गोडीने कुत्री, मांजरे व लहान मुले त्याला बळी पडू शकतात.

मित्रांनो, या साऱ्या खटाटोपात नवी चकती ठोकण्यास काही मिनिटेच लागतात. बाकीचा वेळ जातो तो दोषाचे मूळ शोधण्यात आणि तेथवर पोहोचण्यात. गणितातील चूक शोधताना उत्तर खोडून चालत नाही. जी पायरी चुकली तेथवर मागे जावे लागते. यंत्रालाही तोच नियम लागू आहे. थेंब दिसेल तेथे न थांबता तो कोठून आला हे विचारण्याची सवय ज्याला लागली, त्याच्या हाती यंत्र सोपविण्यास हरकत नाही.