कित्ता आला कुठून?

प्रश्न : आजोबा ‘कित्ता गिरव’ म्हणत. हा ‘कित्ता’ म्हणजे नेमके काय? ‘किती’शी त्याचा संबंध आहे का? (एक वाचक, टेंभुर्णी, जि. जालना)

उत्तर : ‘किती’शी काहीही नाते नाही. कित्ता म्हणजे वळणदार अक्षराचा नमुना. पंतोजी वर एक ओळ घोटून लिहीत; मुलाने तीवरूनच बोरू फिरवायचा, म्हणजे गिरवायचे, आणि हात बसला की खाली तशीच ओळ उतरवायची. आधी धुळपाटी, मग कागद. मोडीसारख्या हात न उचलता लिहायच्या लिपीत तर या सरावाशिवाय गत्यंतरच नव्हते.

शब्द मूळ अरबी : ‘कित्अ’, म्हणजे तुकडा. ‘कापणे’ या अर्थाच्या धातूपासून तो बनला. फारसी सुलेखनात उस्तादाने सुंदर अक्षरात लिहिलेल्या सुट्या पानालाही हेच नाव होते, आणि शागीर्द ती पाने समोर ठेवून हात घोटत. मराठीतला अर्थ इथूनच आला असावा. अरबीतला घशातला उच्चार मराठी जिभेला कुठला जमायला! तो गळला, ‘त’ला जोड मिळाली. उर्दू मुशायऱ्यातला ‘कता’ हा काव्यप्रकार याच शब्दाचा सख्खा भाऊ.

जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि तिथला सरकारी कारभार उर्दूत चाले. त्यामुळे या भागात दोन्ही भावंडे कानांवर पडत असणार.

आजोबांच्या पेटीत मोडी कागद असतील, तर रद्दीत घालण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्याला जरूर दाखवावेत.