'अप' म्हणजे वर, पण नेहमीच नाही

संध्याकाळची वेळ. आपण नुकतेच ऑफिसातून आलेलो, कुकर लावायचाय, आणि तेवढ्यात लेक वही घेऊन ओट्यापाशी येते. "आई, 'अप' म्हणजे वर ना? मग 'ड्रिंक अप युअर मिल्क' म्हणजे दूध वरून प्यायचं का?"

"अगं, ते तसंच असतं. पाठ कर." माझ्या ओळखीतल्या बहुतेक घरांत हेच उत्तर मिळतं. दमलेल्या माणसाला त्या घाईत दुसरं सुचणार तरी काय!

पण तिच्या प्रश्नाकडे नीट बघा. आपण घरात तांब्या वरून धरतो आणि 'वरून पाणी पी' म्हणतो. 'अप' म्हणजे वर, हेही तिला शाळेतच शिकवलेलं, बालवाडीत हात वर करून 'अप' आणि खाली करून 'डाऊन' म्हणत. दोन्ही जोडून तिने काढलेला अर्थ चुकला खरा, पण त्यात तिचं डोकं लागलंय. आणि चुकलं की मुलं शब्दाला दोष देत नाहीत. 'मला इंग्लिश येतच नाही' असं म्हणून मोकळी होतात. हे वाक्य एकदा मनात बसलं की काढायला फार वेळ लागतो.

आपली भीतीही मला कळते. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी शिकलेल्या कितीतरी जणांनी एबीसीडी गिरवली ती थेट पाचवीत. आपण जिथे अडखळलो तिथे मुलांनी अडखळू नये म्हणून आपण याद्या आणतो, कपाटाच्या दाराला चिकटवतो. गिव्ह अप म्हणजे सोडून देणे, ग्रो अप म्हणजे मोठे होणे, हँग अप म्हणजे फोन ठेवणे. पोरं बिचारी घोकतात आणि चाचणी झाली की विसरतात.

त्यापेक्षा आपली मराठी हाताशी घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. 'दूध पिऊन टाक' असं आपण रोज म्हणतो. त्यात कोणी काही टाकत नाही, हे तीन वर्षांच्या पोरालाही कळतं. तिथे 'टाक' म्हणजे पुरतं संपव, मागे ठेवू नकोस. 'ड्रिंक अप'मधला 'अप' नेमकं हेच काम करतो. ईट अप, खाऊन टाक. टेअर अप, फाडून टाक. यूज अप, वापरून संपव. मुलाला हे एकदा सांगून बघा. जे त्याला परकं वाटत होतं ते आपल्याला आधीपासून येतंय, हे कळल्यावर चेहरा खुलतो.

सगळीकडे ही किल्ली चालत नाही, तेही सांगून टाकावं. 'वेक अप' म्हणजे जाग येणं आणि 'गेट अप' म्हणजे अंथरुणातून उठणं. या दोन्हींमध्ये रविवारी सकाळी किती वेळ जातो ते मुलांना चांगलं ठाऊक असतं! 'मेक अप' तर चार घरचं पाणी प्यालेला. तोंडाला पावडर लावणं तो, भांडून पुन्हा गट्टी करणं तो, थाप रचणं तो आणि बुडालेला अभ्यास भरून काढणंही तोच. इथे यादी कामाला येत नाही, वाक्य येतं. 'दे फॉट अँड देन मेड अप' म्हटलं की वर्गातली कालची कट्टी आठवते आणि अर्थ आपोआप लागतो.

आपल्या 'वर'चंही जरा बघा. भिंतीवर पाल, नातवावर जीव, नाक आजोबांवर गेलंय, वरचेवर येतो, वरवर वाचतो. परदेशातून मराठी शिकायला आलेल्या मुलाला हे कसं समजावशील, असं आपल्या मुलाला विचारावं. आता शिकवणारं ते आणि चुकणारं दुसरं कोणी, त्यामुळे मनावरचं दडपण उतरतं. थोड्या मोठ्या मुलांना हेही सांगा, की आपलं 'वर' संस्कृतातल्या 'उपरि'वरून आलं आणि इंग्रजीतलं 'ओव्हर' हे त्या 'उपरि'च्याच भाऊबंदांपैकी. तसंच नातं 'उप' आणि 'अप'चं.

आणि रेल्वे कशी विसरणार? 'बाबा रोज अप-डाऊन करतात' हे तर आता मराठीच झालंय. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर. तिथून निघालेली डेक्कन क्वीन बोरघाट उतरून मुंबईला जाते आणि तरी तिला 'अप' म्हणतात, कारण मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी अप. इंग्लंडात लंडनकडे जाणारी गाडी अप, तिथूनच ही रीत इकडे आली. घाट उतरताना एखादं मूल 'आपण तर खाली चाललोय' म्हणालं, तर तोच प्रश्न दुधाच्या वाक्याइतका मोलाचा.

रोज वेळ काढणं जमणार नाही. कोणालाच जमत नाही. स्वयंपाकाच्या घाईत प्रश्न आला तर 'पाठ कर' ऐवजी 'जेवताना बघू' म्हणा आणि जेवताना खरंच बघा. मुलं वाट बघत असतात. उत्तर ठाऊक नसेल तर शब्दकोश दोघांनी मिळून उघडावा. 'अप'चे अर्थ तिथे रकानेच्या रकाने दिलेले असतात. त्यातला एखादाच त्या दिवशी कळला तरी तेवढ्यावर थांबावं, पुढचा उद्या. आणि चाचणीत गुण गेले असतील तर आधी 'हे लिहिताना तुझ्या मनात काय होतं?' एवढं विचारावं. लाल खुणेचं नंतर बघता येतं.