स्टँडबाय पंप आणि उंदराची पिल्लं

मी मेकॅनिकलचा. बायोलॉजीला बारावीतच रामराम ठोकला होता. पण टीईच्या व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "एका पंपावर प्लँट चालतोय, मग दुसरा कशाला?" मी ठोकून दिलं, "सर, तो जादाच आहे." मार्क गेले. खरं उत्तर मिळालं ते बायोटेक करणाऱ्या माझ्या ताईच्या नोट्समध्ये, तेही उंदरांच्या धड्यात!

आधी थोडी थिअरी. इस्ट्रोजेनसारखं हॉर्मोन पेशीत जाऊन रिसेप्टरला चिकटतं आणि रिसेप्टर डीएनएवर ठरलेल्या जागी बसतो. पण नुसतं बसून जीन चालू होत नाही. डीएनए हिस्टोन प्रथिनांवर घट्ट गुंडाळलेला असतो. ही गुंडाळी सैल करायला आणि जीनची नक्कल काढणारी यंत्रणा बोलावून आणायला मदतनीस प्रथिनं लागतात. त्यांनाच कोअ‍ॅक्टिव्हेटर म्हणतात.

यातलं एसआरसी-१ हे प्रथिन ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये बर्ट ओ'मॅली यांच्या गटाने १९९५ साली शोधलं. १९९८ मध्ये त्याचा जीन काढलेले उंदीर तयार झाले. सगळ्यांना वाटलं, आता गोंधळ होणार. पण उंदीर जगले, त्यांना पिल्लंही झाली! मात्र हॉर्मोन दिल्यावर गर्भाशय, स्तनग्रंथी, प्रोस्टेट यांची वाढ कमी झाली. आणि एसआरसी-२ या भावंडाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणजे स्टँडबाय पंप सुरू झाला होता.

मग भावंडांची पाळी. एसआरसी-३ काढल्यावर (२०००) उंदीर लहानखुरे राहिले, माद्या उशिरा वयात आल्या, एका वेळची पिल्लं कमी झाली. एसआरसी-२ काढल्यावर (२००२) नर आणि मादी दोघांचीही प्रजननक्षमता घटली. नरात शुक्राणू नीट बनेनात, मादीत वार खुरटली.

आणि १ व २ दोन्ही एकदम काढले तेव्हा (२००४) बहुतेक पिल्लं जन्माच्या सुमारासच मेली. २०१५ मध्ये डलासच्या कॅरोल मेंडेलसन यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. आई धडधाकट, पण पोटातल्या पिल्लांत ही दोन प्रथिनं नाहीत, तर बाळंतपणच लांबतं. कारण 'फुप्फुसं तयार आहेत' हा निरोप पिल्लाच्या फुप्फुसातून आईला जातो आणि तोच कमी पडतो. हे वाचून मी खरंच थांबलो.

सीबीपी आणि पी३०० या जोडीचं गणित आणखी कडक. दोघांचीही एकेक प्रत शाबूत ठेवून एकेक काढली, तरी पिल्लू पोटातच मरतं (१९९८). इथे प्रमाणालाच किंमत आहे. माणसात सीबीपीची एकच प्रत बिघडली तरी रुबिनस्टाइन-टेबी सिंड्रोम होतो. मुलाची वाढ आणि बौद्धिक विकास मागे पडतो, अंगठे रुंद असतात.

तेव्हा एक भाग काढून काही बिघडलं नाही, म्हणून तो बिनकामाचा ठरत नाही. कदाचित त्याचं काम दुसरा कुणी गुपचूप ओढत असतो. लोड वाढवून बघा, दुसराही काढून बघा, मग बोला.

व्हायव्हाला हे सुचलं असतं तर! असो, ज्युनिअर्सनी लक्षात ठेवावं.