शिक्षा नाही, तरी न्याय

प्रस्तावना

गुन्हा घडला की आपले लक्ष गुन्हेगाराकडे जाते. त्याला पकडले का, शिक्षा झाली का, हे आपण विचारतो. ज्याच्यावर आघात झाला, त्याच्या घराचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. कृत्य करणाऱ्याला कायद्याने शिक्षाच देता येत नसेल, तर त्या घराने कोणाकडे पाहावे? या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• मनोविकल व्यक्तीला शिक्षा का होत नाही, हे सांगू शकाल;
• पीडिताला कोणते साहाय्य मिळू शकते, हे स्पष्ट करू शकाल;
• साहाय्यासाठी कोठे जावे, हे इतरांना समजावून सांगू शकाल.

मूळ पाठ

झाशी म्हटले की मराठी मनाला राणी लक्ष्मीबाई आठवते. नेवाळकरांच्या काळापासून या शहरात मराठी कुटुंबे राहत आली आहेत. अशाच एका कुटुंबाची कल्पना करा. घरातील कर्ता पुरुष सकाळी दुकान उघडत होता. तेवढ्यात शेजारच्या तरुणाने त्याच्यावर लोखंडी कांबीने वार केले. त्यात त्याचा मृत्यू झाला. त्या तरुणाला अनेक वर्षांपासून गंभीर मानसिक आजार होता. समोरचा माणूस आपला जीव घ्यायला आला आहे, असा त्याला भ्रम झाला होता. न्यायालयाने त्याला दोषमुक्त केले. मागे राहिली पत्नी, दोन मुले आणि वृद्ध सासू. पत्नी विचारते, ‘‘माझा नवरा गेला, हे तर खरे ना? मग याला कोणीच जबाबदार नाही, असे कसे?’’

तिचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी कायद्याची भूमिका समजून घेऊ.

फौजदारी कायदा केवळ कृत्य पाहत नाही, तर कृत्यामागचे मनही पाहतो. आपण काय करतो आहोत, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे मनोविकलतेमुळे ज्याला त्या क्षणी कळूच शकत नाही, त्याला गुन्हेगार मानता येत नाही. इंग्लंडमध्ये 1843 साली मॅकनॉटन याच्या खटल्यानंतर हा नियम स्पष्ट शब्दांत मांडला गेला. पुढे 1860 च्या भारतीय दंड संहितेत तो 84 व्या कलमात आला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो 22 व्या कलमात आहे.

मात्र केवळ आजार असणे पुरेसे नाही. कृत्याच्या वेळी समज हरपलेली होती, हे आरोपीच्या बाजूने दाखवावे लागते. महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाने पत्नीची हत्या केली होती. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनेपूर्वीची, घटनेच्या वेळची व नंतरची परिस्थिती तपासली आणि त्याला या नियमाचा लाभ दिला. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणालाही इजा करीत नाहीत. म्हणून एका घटनेवरून सर्व रुग्णांना दोष देणे अन्यायाचे ठरेल.

दोषमुक्ती म्हणजे ‘काही घडलेच नाही’ असा निर्वाळा नव्हे. अशा निकालात आरोपीने ते कृत्य केले की नाही, हे न्यायालयाला स्पष्टपणे नमूद करावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 373 वे कलम तसे सांगते. म्हणजे त्या पत्नीचे सत्य न्यायालयाच्या दप्तरी नोंदले जाते. कृत्य केल्याचे दिसून आल्यास त्या व्यक्तीला सुरक्षित अभिरक्षेत ठेवले जाते किंवा योग्य हमी घेऊन नातेवाइकांकडे सोपवले जाते. निकाल चुकीचा वाटल्यास पीडिताला अपील करण्याचाही हक्क आहे.

आता भाकरीचा प्रश्न. पीडित हा गुन्हेगाराच्या शिक्षेमुळे पीडित ठरत नाही. त्याला झालेल्या हानीमुळे ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या 1985 च्या जाहीरनाम्यानेही हे तत्त्व मान्य केले आहे. गुन्हेगार सापडला नाही किंवा दोषी ठरला नाही, तरी पीडित हा पीडितच राहतो. भारतात 31 डिसेंबर 2009 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत 357-अ हे कलम लागू झाले. त्यानुसार प्रत्येक राज्याने पीडितांसाठी नुकसानभरपाई योजना करणे आवश्यक झाले. आज हीच तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या 396 व्या कलमात आहे. खटला दोषमुक्तीत संपला, पण पीडिताचे पुनर्वसन आवश्यक असेल, तर न्यायालय नुकसानभरपाईची शिफारस करू शकते. ही रक्कम आरोपीच्या खिशातून नव्हे, तर शासनाच्या निधीतून मिळते. उत्तर प्रदेश व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी 2014 मध्ये अशा योजना केल्या.

झाशीच्या त्या पत्नीने काय करावे? तिने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रिया आणि बालके यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. वकिलामार्फत तिने न्यायालयाकडे शिफारशीची विनंती करावी. प्राथमिक माहिती अहवाल, मृत्यूचा दाखला व निकालाची प्रत जपून ठेवावी. योजनेत अर्जाला मुदत असते, म्हणून विलंब करू नये. शिफारस पोहोचल्यावर प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करून रक्कम ठरवावी, असे कायदा सांगतो. माहितीसाठी 15100 हा दूरध्वनी क्रमांक आहे.

पैशाने गेलेला माणूस परत येत नाही. पण मुलांची शाळा सुटत नाही, घरातील चूल विझत नाही. आजारी माणसाला उपचार आणि दुखावलेल्या घराला आधार, या दोन्ही गोष्टी एकाच समाजाने करायच्या असतात. एकीसाठी दुसरी नाकारावी लागत नाही.

शब्दार्थ

मनोविकल – मनाचे संतुलन बिघडलेला
दोषमुक्ती – न्यायालयाने दोषी न ठरवणे
अभिरक्षा – कायदेशीर ताबा
पुनर्वसन – जीवनाची घडी पुन्हा बसवणे

स्वाध्याय

1. मनोविकलतेचा बचाव मान्य होण्यासाठी कोणती गोष्ट दाखवावी लागते?
2. ‘दोषमुक्ती म्हणजे काही घडलेच नाही असा निर्वाळा नव्हे.’ हे विधान स्पष्ट करा.
3. त्या पत्नीच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर द्याल? आठ ते दहा ओळींत लिहा.
4. तुमच्या जिल्ह्यातील विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय कोठे आहे, ते शोधून वहीत नोंदवा.