अणुबाँबविषयी लेकरांशी बोलताना

पालकहो, २०२५ च्या मे महिन्यातले भारत-पाकिस्तान संघर्षाचे ते चार दिवस आठवून पाहा. टीव्हीवर सायरन वाजत होते, निवेदक घसा ताणून ओरडत होते आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर ‘एक बाँब टाका, विषय संपवा’ छापाच्या मजकुराला ऊत आला होता. मोठी माणसं चहा पिता पिता अणुयुद्ध जिंकत होती. त्याच खोलीत उन्हाळी सुट्टीतली लेकरं बसलेली होती आणि ती सगळं ऐकत होती. ‘अणुबाँब पडला तर आपल्या परभणीचं काय होईल?’ असं एखाद्या पोरानं विचारलंच, तर ‘गप, जेव आधी’ हे आपलं ठरलेलं उत्तर.

लेकरू गप बसतं, पण प्रश्न काही जात नाही. तो मोबाइलकडे जातो, आणि तिथं उत्तर द्यायला कोण बसलंय ते तुम्हाला माहीत आहे. त्यापेक्षा आपणच बोललेलं बरं.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला आधी धीर हवा असतो, आणि तो खोटं न बोलताही देता येतो. आपल्या देशाचं जाहीर धोरण आहे की अणुबाँबचा वापर आपण पहिल्यांदा करणार नाही. २००३ पासून ते सरकारी कागदावर आहे. दुसरं, भारत आणि पाकिस्तान यांच्यात १९८८ साली ३१ डिसेंबरला एक करार झाला. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा. त्या करारानुसार १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. १९९९ मध्ये कारगिल झालं, तरी पुढच्या १ जानेवारीला याद्यांची देवाणघेवाण झाली. भांडणारे शेजारीसुद्धा काही रेघा पुसत नाहीत, हे लेकरांना सांगण्यासारखं आहे. माझ्या अनुभवानं मुलांना ही यादीची गोष्ट फार आवडते. ‘खरी यादी देतात का पण?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त प्रश्न आहे.

मग हिरोशिमा. ६ ऑगस्टला शाळेत सदाको सासाकीची गोष्ट सांगतात, कागदाचे बगळे करायला लावतात. बाँब पडला तेव्हा सदाको दोन वर्षांची होती, बारा वर्षांची असताना १९५५ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेली. गोष्ट बहुतेक इथंच थांबते, पोरं हिरमुसतात, बाई बगळे भिंतीवर टांगतात. पुढचं मात्र कुणी सांगत नाही. तिच्या वर्गातल्या मुलांनी वर्गणी गोळा करायला घेतली, देशभरातल्या शाळा त्यात उतरल्या आणि १९५८ मध्ये हिरोशिमाच्या शांतता उद्यानात मुलांचं स्मारक उभं राहिलं. दुःख झालं, तर त्याचं पुढं काय करायचं हे त्या पोरांना कळलं होतं. बगळ्यांइतकीच ही वर्गणीही शिकवण्यासारखी आहे.

‘पण आपल्या परभणीला याचं काय?’ असं मनात आलं असेल तर तेही बोलू. मराठवाड्यात अणुभट्टी नाही. औंढा नागनाथला, म्हणजे १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या भागात, लायगो हा प्रकल्प होतोय आणि तो अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. एवढं वाचून कुणाच्या मनात पाल चुकचुकली असेल तर निर्धास्त राहा. तिथं गुरुत्वीय लहरी मोजणार आहेत, त्यासाठी लेझरचे किरण आणि लांबलचक निर्वात नळ्या लागतात, युरेनियम लागत नाही. विरोध करण्याआधी माहिती घ्यावी लागते, ती अशी.

वीज आपण वापरतो, तिचा उकिरडा मात्र दुसऱ्याच्या दारात असतो, हे गंगाखेडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पलीकडं परळीचं औष्णिक केंद्र, त्याला पाणी आपल्या सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून, आणि राख आसपासच्या शिवारावर. २०१५ च्या दुष्काळात पाणीच उरलं नाही तेव्हा ते केंद्र बंद ठेवावं लागलं. राख निदान दिसते. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, ज्वारीच्या पानावर बोट फिरवलं की बोट काळं होतं, माणूस तक्रार करू शकतो. किरणोत्सर्गाला रंग नाही, वास नाही. तक्रार करायची तर आधी मोजणारं यंत्र पाहिजे, आणि ते यंत्र बहुतेक वेळा ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याच हातात असतं. अणुकचऱ्याच्या सगळ्या भांडणांचं मूळ मला इथं दिसतं.

हा कचरा असतो तरी काय, हे मुलांना थोडक्यात सांगता येतं. भट्टीत युरेनियमच्या कांड्या जळतात म्हणू, म्हणजे त्यातले अणू फुटतात. वापरलेल्या कांड्यांतून प्लुटोनियम वेगळं काढता येतं. मुंबईत तुर्भ्याच्या सायरस भट्टीत असंच तयार झालेलं प्लुटोनियम १८ मे १९७४ च्या पोखरणच्या पहिल्या स्फोटात वापरलं गेलं. भट्टी आणि बाँब यांची नाळ अशी जोडलेली आहे. मागं उरतो तो अतितीव्र कचरा आपल्याकडं काचेत मुरवून पोलादी डब्यांत बंद करतात आणि देखरेखीखाली ठेवतात. तारापूरला, आपल्याच राज्यात, अशी साठवण आहे. कायमचं पुरण्यासाठी खोल जमिनीतली जागा अजून आपल्या देशात नाही. प्लुटोनियमचा जोर निम्मा व्हायला सुमारे २४ हजार वर्षं लागतात. पैठणला सातवाहन राज्य करत होते त्याला दोन हजार वर्षं झाली. मुलांना आता गुणाकार करायला सांगा.

आता मला खरं ज्याविषयी बोलायचं आहे ते. या असल्या भांडणात लेकरांना आणावं का?

रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यात माडबनला जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाचा घाट घातला गेला. १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट, तंत्रज्ञान फ्रान्सच्या अरेव्हा कंपनीचं. माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल या गावांतल्या जमिनी गेल्या. अधिकारी धनादेश घेऊन गावात आले आणि बहुतेकांनी ते घेतले नाहीत. बाहेरून न्यायमूर्ती पी. बी. सावंत, नौदलाचे माजी प्रमुख अ‍ॅडमिरल रामदास, पुण्याच्या अर्थतज्ज्ञ सुलभा ब्रह्मे अशी माणसं पाठीशी उभी राहिली. नोव्हेंबर २०१० मध्ये प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली, सोबत ३५ अटी. आणि २०११ च्या जानेवारीत, प्रकल्प कसा सुरक्षित आहे हे शिक्षकांनी मुलांना समजावून सांगावं असा सरकारी आदेश निघाल्याचं कळल्यावर, त्या भागातल्या जवळपास ७० शाळांतली मुलं काही दिवस शाळेत गेलीच नाहीत.

दोन्ही बाजूंनी शाळेचा आखाडा झाला. सरकारनं खडू हातात घेऊन प्रचार करायला लावला, गावानं वर्ग रिकामे ठेवून जबाब दिला. परभणीत पंख्याखाली बसून माडबनच्या आईबापांना शहाणपण शिकवणं सोपं आहे, म्हणून जपून लिहिते. ज्यांची कातळावरची आमराई आणि खाडीतली मासळी पणाला लागली, त्यांच्याकडं दुसरं काय होतं? पण माझं मत विचाराल तर पहिला दोष आदेश काढणाऱ्यांचा. मास्तरांनी दोन्ही बाजू फळ्यावर लिहाव्यात आणि पोरांनी वाद घालावा, एवढंच शाळेचं काम. ‘सुरक्षित आहे असं सांगा’ हे वाक्य ज्या क्षणी वरून येतं, त्या क्षणी मुलांना कळतं की काहीतरी लपवायचं आहे. आणि शाळा बुडवणं हे मुलांचं आंदोलन नव्हतं, ते मोठ्यांचं होतं, मुलांच्या नावावर. मला ते टोचतं.

त्याच वर्षी ११ मार्चला जपानात फुकुशिमाचा अणुअपघात झाला. १८ एप्रिलला साखरी नाटे इथं पोलिसांच्या गोळीबारात तबरेज सायेकर हा तरुण मच्छीमार गेला. आज इतकी वर्षं झाली, माडबनच्या कातळावर एकही भट्टी उभी राहिलेली नाही. तो गेला तो गेलाच.

मुलांचा सहभाग कसा असावा याचं मला पटलेलं उदाहरण अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातलं आहे. १९५० च्या दशकात अमेरिका आणि रशिया उघड्यावर अणुस्फोट करत होते. त्यातली स्ट्रॉन्शियम-९० ही धूळ वाऱ्यानं दूर जाऊन गवतावर पडते, गवत गाय खाते, दूध लेकरू पितं. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखंच वागतं, त्यामुळं हाडात आणि दातात जाऊन बसतं. सरकार म्हणत होतं, काळजीचं कारण नाही. तिथल्या नागरिकांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून १९५८ मध्ये ठरवलं की आपणच मोजू. लुईज राइस या डॉक्टर बाईंनी पहिली वर्षं कामाची धुरा सांभाळली. आयांना सांगितलं, मुलांचे पडलेले दुधाचे दात आम्हाला पाठवा. सोबत एक फॉर्म, त्यात मुलाची जन्मतारीख, आई गरोदर असताना कुठं राहत होती, बाळ किती महिने अंगावर प्यालं. आपल्याकडं पडलेला दात पत्र्यावर फेकतात, तिथं तो पाकिटात घालून टपालपेटीत पडू लागला. मोबदल्यात पोराला शर्टाला लावायचा बिल्ला मिळायचा, ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ अशा अर्थाचा. असे सुमारे तीन लाख दात जमले. स्फोट वाढत गेले तसं त्या काळात जन्मलेल्या मुलांच्या दातांतलं स्ट्रॉन्शियम वाढत गेलेलं दिसलं. ऑगस्ट १९६३ मध्ये हवेतल्या, पाण्यातल्या आणि अवकाशातल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला. एकट्या दातांमुळं झाला असं नाही. नेहरूंनी १९५४ मध्येच लोकसभेत चाचण्या थांबवा म्हटलं होतं, जपानात सुगिनामीच्या गृहिणींनी त्याच वर्षी सह्यांची मोहीम काढून ती कोट्यवधींवर नेली होती. पण ज्या मोजमापासाठी सरकारवर अवलंबून राहावं लागत होतं, ते आयांनी पाकिटातून केलं. मुलाच्या वाट्याला काय आलं? एक दात आणि एक बिल्ला. एवढंच असावं. बाकीचं ओझं मोठ्यांनी उचलावं.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण मिरवतो, तर त्या जर्मनीचंही ऐका. गोर्लेबेन नावाच्या गावाखालच्या मिठाच्या थरात देशभरचा अणुकचरा पुरायचं १९७७ मध्ये ठरलं. तिथले लोक आपल्यासारखेच शेतकरी. १९७९ च्या मार्चमध्ये त्यांनी ट्रॅक्टर काढले आणि अनेक दिवस रस्त्यानं चालवत हॅनोव्हर गाठलं. ते पोचण्याच्या तोंडावर अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुकेंद्रात अपघात झाला आणि मोर्चाला लाखभर माणूस जमलं. पुढं चाळीस वर्षं हे भांडण चाललं. आंदोलकांची पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली. २०२० मध्ये भूगर्भशास्त्राच्या कारणांवरून गोर्लेबेनचं नाव यादीतून गळलं. १५ एप्रिल २०२३ ला जर्मनीनं आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्याही बंद केल्या, आणि कचऱ्याची कायमची जागा मात्र ते अजून शोधतच आहेत. भट्टी बंद करता येते, कचरा बंद करता येत नाही.

सरसकट अणूच्या नावानं बोटं मोडायचीही मला गरज वाटत नाही. कर्करोगाच्या कितीतरी रोग्यांना कोबाल्टच्या किरणांनी आयुष्य मिळालं आहे. भुईमुगाचं टॅग-२४ हे वाण तुर्भ्याच्याच भाभा केंद्रातलं. हेही लेकरांना सांगा, नाहीतर आपलंही बोलणं त्या सरकारी आदेशासारखंच एका बाजूचं व्हायचं.

एक गोष्ट मात्र आजच शिकवा. पिवळ्या पाटीवर मधोमध ठिपका आणि भोवती तीन पाती, पंख्यासारखी. ही खूण दिसली की हात लावायचा नाही, लांब जायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठानं वापरात नसलेलं एक गॅमा यंत्र भंगारात विकलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं, आतल्या कोबाल्ट-६० मुळं एक कामगार दगावला, इतर अनेकजण दवाखान्यात पडले. ब्राझीलच्या गोयानिया शहरात १९८७ मध्ये बंद पडलेल्या दवाखान्यातलं यंत्र असंच भंगारात गेलं. आतली पूड अंधारात निळी चमकायची म्हणून लोकांनी घरी नेली, लेकरांना खेळायला दिली. चार माणसं गेली, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. भंगाराची दुकानं परभणीतही आहेत आणि पोरं तिथं बेअरिंग, चुंबक शोधत फिरतात. अणुभट्टी शेकडो किलोमीटर दूर असली तरी असलं यंत्र ट्रकमध्ये बसून कुठंही येऊ शकतं.

आणि मोर्चे, सह्या, करार हे फार मोठं वाटत असेल तर सुरुवात दवाखान्यापासून करा. एक्स-रे यंत्रात किरणोत्सारी पदार्थ नसतो, बटण बंद केलं की किरण बंद, त्यामुळं घाबरायचं काही नाही. पण अशा यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. पुढच्या वेळी लेकराचा हात मोडला म्हणून एक्स-रे काढायला जाल, तेव्हा त्याच्यासमोर शांतपणे विचारा, ‘दादा, या मशीनचा परवाना दाखवता का?’ दाखवला तर आभार माना. नाही दाखवला तर नियामक मंडळाला पत्र लिहा, आणि पत्रातल्या तारखेखाली सही करताना लेकराला शेजारी बसवा.